रासेयोच्या सात दिवसांच्या शिबिराला पहिल्यांदा जाताना

तालुक्याच्या ठिकाणच्या लहान कॉलेजात वर्षभर काही ना काही चालूच असतं. पावसाळ्यात वृक्षारोपण, २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) स्थापना दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी आणि त्यानिमित्त स्वच्छता, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मग गॅदरिंग. हे कार्यक्रम तासा-दोन तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत आटोपतात. कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावातलं रासेयोचं सात दिवसांचं विशेष शिबिर मात्र वेगळं. तिथे पन्नास पोरंपोरी दुसऱ्यांच्या गावात राहतात, तिथलं पाणी वापरतात, तिथल्या शाळेत झोपतात. पहिल्या वर्षाला येऊन रासेयोत नुकतंच नाव टाकलेल्यांसाठी आणि शिबिराची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींसाठी हे लिहिलं आहे.

रासेयो १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं शिबिर पूर्ण करायचं, तेव्हा प्रमाणपत्र मिळतं. १०० स्वयंसेवकांच्या एका युनिटमधून साधारण ५० जण शिबिराला जातात. खालचे सगळे अंदाज ५० स्वयंसेवक आणि सोबतचे प्राध्यापक, स्वयंपाकी, पाहुणे मिळून ६० माणसांचे आहेत.

शिबिर बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत लागतं. त्या दिवसांत विदर्भातलं गाव कापूस वेचणीत आणि तुरीच्या सवंगणीत (कापणीत) बुडालेलं असतं. सकाळी नऊ-दहाला घराला कडी लागते ती संध्याकाळी सहाला निघते. कॉलेजचं अकरा ते पाचचं वेळापत्रक गावात नेलं की शिबिर रिकाम्या गल्ल्यांत होतं. फसलेल्या शिबिरांचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, आणि ते आधी कळलं तर टाळता येतं.

आधी गाव पाहून या

शिबिराच्या पंधरा-वीस दिवस आधी कार्यक्रम अधिकारी सरांसोबत चार-पाच जणांनी गावात जाऊन यावं, आणि तेही संध्याकाळी सहानंतर. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलीस पाटील, जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या अध्यक्ष यांना भेटा. सरपंचांना भेटून परत फिरू नका. गावात दोन गट असतातच, आणि तुम्ही एकाच्याच ओट्यावर चहा घेतला की दुसरा गट शिबिराकडे ‘त्यांचा कार्यक्रम’ म्हणून पाहतो. निवडणूक हरलेल्या उमेदवाराच्या घरीही जाऊन या. अर्धा तास जातो, पण सात दिवस सुखाचे होतात. ग्रामपंचायतीची किंवा दुसरी कुठली निवडणूक तोंडावर असेल तर आचारसंहितेच्या तारखा पाहून घ्या, नाहीतर उद्घाटनाची पत्रिका पुन्हा छापावी लागते.

या भेटीत विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. आठवडी बाजार कोणत्या वारी आहे? नळ रोज येतो की दिवसाआड, आणि किती वाजता? लाईट कधी जाते? त्या आठवड्यात गावात भागवत सप्ताह, मोठं लग्न किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) आहे का? चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात असाल तर नाटकाची तारीख आवर्जून विचारा. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. ज्या रात्री नाटक आहे त्या रात्री तुमच्या व्याख्यानाला कुणी येणार नाही, आणि येऊही नये. त्या रात्री कार्यक्रम ठेवूच नका.

राहण्याची जागा म्हणजे बहुधा शाळा किंवा समाजमंदिर. शाळेत राहणार असाल तर वर्ग किती वाजता भरतात ते लिहून घ्या. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी गाद्या-सतरंज्या लवकर उचलाव्या लागतात. मुलींच्या खोलीला आतून कडी लागते का, संडासाच्या दाराला कोयंडा आहे का, तिथे बल्ब आहे का, हे हाताने लावून पाहा. ‘होऊन जाईल’ या शब्दावर विसंबू नका. दोन कुलपं, दोन कोयंडे, चार बल्ब आणि एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड कॉलेजातूनच न्या. लाईटचं कनेक्शन ग्रामपंचायतीकडून किंवा शाळेकडून रीतसर घ्या, तारेवर आकडा टाकायचा नाही.

मुलींची नावं शेवटच्या दोन दिवसांत गळतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: घरच्यांनी जागा पाहिलेली नसते. संमतीपत्र नुसतं सहीला पाठवण्यापेक्षा मुक्कामी राहणाऱ्या मॅडमचं नाव आणि फोन नंबर त्यावर लिहा. वडिलांना किंवा भावाला जागा पाहायची असेल तर आधीच बोलवा. पाहून गेलेल्या घरची मुलगी सहसा गळत नाही.

सोबत काय न्यायचं

जाड ब्लँकेट आणि चादर, दोन्ही. विदर्भातली जानेवारीची रात्र शाळेच्या फरशीवर फार बोचते, खालून थंडी लागते, म्हणून अंथरायला घरची एक जाड वाकळ असावी. ताट, वाटी, पेला, चमचा स्वतःचे, आणि प्रत्येकावर नेलपेंटने नाव. टॉर्च, टोपी किंवा दुपट्टा, श्रमदानाचे जुने कपडे दोन जोड, बंद बूट. चपलेवर फावडं चालवायचं नाही. मुलींनी पॅड आणि जुने कागद सोबत ठेवावेत. विल्हेवाटीसाठी झाकणाची वेगळी बादली कुठे ठेवायची ते पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगून टाकावं. दागिने आणि महागडा मोबाईल घरी.

साठ माणसांचा स्वयंपाक

शिबिराची चव आणि मूड दोन्ही इथे ठरतात, म्हणून जरा सविस्तर.

पोळ्या दोन्ही वेळा करायचा हट्ट धरू नका. माणशी चार धरल्या तरी २४० पोळ्या होतात. एका किलो कणकेत २५ च्या आसपास पोळ्या निघतात, म्हणजे एका वेळेला साडेनऊ-दहा किलो कणीक लागते आणि लाटणाऱ्या चार बायांना दीड-दोन तास बसावं लागतं. दुपारी पोळी-भाजी-वरण-भात आणि रात्री खिचडी किंवा बेसन-भात, असं जमवा. पोळ्यांचं काम बचत गटाला द्या, दर आधी ठरवा आणि पैसे रोजच्या रोज द्या.

एका वेळचे अंदाज असे:

- पोळी सोबत असेल तर तांदूळ ४ किलो, नुसता भात असेल तर ६ किलो
- वरणाला तूरडाळ अडीच किलो
- खिचडीला तांदूळ ५ किलो, डाळ दीड ते २ किलो
- आलू-वांग्याची भाजी करायची तर दोन्ही मिळून ९ किलो, कांदे दीड किलो
- नाश्त्याला पोहे ५ किलो, कांदे २ किलो
- तेल प्रत्येक जेवणाला साधारण एक लिटर
- चहा एका वेळेला ५ लिटर: दूध अडीच, पाणी अडीच, साखर ६०० ग्रॅम, पत्ती १०० ते १२० ग्रॅम

तिखट आणि मीठ स्वयंपाकीणबाईंच्या हाताने पडू द्या, फक्त तिखट थोडं हात राखून टाकायला सांगा. वरून हवं त्याला ठेचा आहेच.

डाळ शिजत नाही ही तक्रार पहिल्याच दिवशी येते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, बोअरचं पाणी जड असतं. त्या पाण्यात तूरडाळ दोन तास उकळली तरी दाणा राहतो आणि सरपण वाया जातं. डाळ आणि पिण्यापुरतं गोडं पाणी कॅनने आणा, बाकी धुण्या-आंघोळीला बोअर चालतो. डाळ तासभर आधी भिजवा. चिंच डाळ शिजल्यावरच टाका, आधी टाकली तर ती आणखी हट्टीपणा करते.

चुलीवर गंज (स्वयंपाकाचं मोठं पातेलं) चढवण्याआधी त्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्या. बुडाला आणि बाजूंना, पोटाच्या मध्यापर्यंत. लेप हाताने सारखा करून पाच मिनिटं वाळू द्यायचा आणि मग चढवायचा. जेवणानंतर पाणी मारलं की काजळी मातीसकट निघून येते. लेप न देता चढवलेला गंज घासायला दोघांचा तासभर जातो, आणि तो गंज मंडप डेकोरेशनवाल्याचा असेल तर परत करताना बोलणी खावी लागतात.

पाण्याचा हिशेब: प्यायला २०० लिटर, स्वयंपाक-भांड्यांना ३०० आणि आंघोळीला माणशी एक बादली, म्हणजे रोजचं दीड हजार लिटरच्या आसपास. नळ दिवसाआड असेल तर हजार लिटरच्या दोन टाक्या तरी हव्यात. गावच्या हातपंपावर सकाळी सात ते नऊ गर्दी करू नका. ती वेळ गावातल्या बायांची असते.

भाजी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी उशिरा घ्या, स्वस्त पडते. शेवटच्या दिवशी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी ठेवायची असेल तर गोवऱ्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. गावजेवणात गावातली म्हातारी माणसं रोडगे भाजायला स्वतःहून बसतात, त्यांना बसू द्या. तो हात तुमच्याजवळ नाही.

श्रमदान: वनराई बंधारा

श्रमदानाची वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ. ऊन चढायच्या आत काम होतं आणि शेतावर जाता-जाता गावकरीही हात लावतात.

वनराई बंधारा म्हणजे वाळू-मातीने भरलेल्या सिमेंटच्या पिशव्या नाल्यात रचून केलेला कच्चा बांध. तो वाहत्या पाण्यावरच घालायचा. नाला आटला असेल तर फोटोपुरत्या पिशव्या रचू नका. त्यापेक्षा घरांचं सांडपाणी मुरवायचे शोषखड्डे खणा. जागा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) सोबत नेऊन ठरवा: नाला अरुंद, दोन्ही काठ उंच आणि टणक, वरच्या बाजूला उतार कमी, जवळ विहीर असेल तर उत्तम. दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांची संमती घ्या. ज्याच्या हरभऱ्यात पाणी तुंबेल तो रात्रीतून बंधारा फोडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

नाला २० फूट रुंद आणि बंधारा ३ फूट उंच धरला तर सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या २५० लागतात. काठात शिरवायच्या आणि फाटणाऱ्या धरून ३०० गोळा करा. घरकुलांची कामं जिथे चालू असतात तिथे त्या मिळतात, पण महिनाभर आधीपासून मागायला लागा.

पिशवी पाऊणच भरायची. हे नव्या पोरांना पटत नाही, गच्च भरण्यात जोर वाटतो. गच्च पिशवी गोल होते, दोन पिशव्यांमध्ये फट राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. पाऊण भरलेली पिशवी आडवी टाकून पायाने दाबली की सपाट बसते आणि शेजारणीला चिकटते. तोंडाला दोन घड्या घालून सुतळीने बांधा आणि तोंड बंधाऱ्याच्या आत दाबून ठेवा. अशी पिशवी चाळीस किलोच्या आसपास भरते, म्हणून एकट्याने उचलायची नाही. दोघांनी कोपरे धरायचे किंवा साखळी करून पुढे द्यायची. वाळू-माती नाल्यातलीच घ्या, वरच्या बाजूची, पण बंधाऱ्याच्या बुडापासून दहा-बारा फूट दूर. बुडाशीच खणलं तर पाया खचतो.

आधी तळातला सैल गाळ काढून टणक थर लागेपर्यंत, निदान अर्धा फूट खणा. दोन्ही काठांत दीड-दीड फूट खाच मारा आणि प्रत्येक थर त्या खाचेत शिरवा. काळ्या मातीच्या काठाला हे सोडलं तर बंधारा जागेवर उभा राहतो आणि पाणी बाजूने काठ कापून निघून जातं. खालच्या तीन थरांत चार-चार रांगा, मधल्या तीन थरांत तीन-तीन, वरच्या दोन थरांत दोन-दोन. विटांच्या जोडाईसारखे सांधे चुकवत चला. काम दोन्ही काठांकडून सुरू करा आणि वाहत्या पाण्याची मधली वाट सगळ्यात शेवटी बुजवा. मधोमध चार-पाच फूट लांबीचा भाग एक थर खाली ठेवा, तो सांडवा. सांडव्याखाली जिथे पाणी पडेल तिथे मोठे दगड टाका. वरच्या अंगाला प्लास्टिकची ताडपत्री लावून तिच्या बुडाशी चिकणमाती दाबा, आणि उघड्या पिशव्यांवर मातीचा लेप मारा. उन्हात ह्या पिशव्या काही महिन्यांत भुगा होतात.

पन्नास जणांना हे काम तीन सकाळी पुरतं. दहा जण भरायला, दहा बांधायला, वीस वाहायला, सहा रचायला आणि चार जण पाणी, प्रथमोपचार नि मोजदादीला. रचणारे बदलू नका. वाहणारे आणि भरणारे दर अर्ध्या तासाने बदला.

शोषखड्डा करायचा तर ३ फूट लांब, ३ फूट रुंद, आणि खोली मुरूम लागेपर्यंत. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे मापाने ३ फुटांवर थांबलेला खड्डा आठवड्यात तुंबतो आणि डास वाढतात. खाली मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर गिट्टी. पाणी आत येतं तिथे बुडाला भोकं पाडलेलं मडकं बसवा आणि त्यात नारळाच्या शेंड्या टाका, खरकटं नि साबणाचा साका त्यात अडतो. शेंड्या पंधरा दिवसांनी धुवायच्या, हे घरच्या बाईला दाखवूनच पुढच्या घरी जा. विहीर किंवा हातपंप निदान तीस-चाळीस फूट दूर हवा.

घरोघरी सर्वेक्षण

सकाळी श्रमदान असल्यामुळे सर्वेक्षण संध्याकाळी सहा ते साडेसात. तिघांचा गट करा, त्यात एक तरी मुलगी हवीच, नाहीतर बाया दारातूनच परत पाठवतात. घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरून (घरपट्टीच्या नोंदवहीवरून) काढून वॉर्डनिहाय वाटा. प्रश्न पंधरापेक्षा जास्त नकोत. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, संडास वापरात आहे की त्यात सरपण भरलंय, शाळा सोडलेलं पोर आहे का, दवाखान्यात कशाने जाता. उत्पन्न किती, जात कोणती, कर्ज किती हे विचारू नका. आधार कार्डाचे फोटो काढू नका. मोठ्या माणसांशी ‘काकाजी’, ‘काकू’, ‘मावशी’ म्हणून बोला आणि आधी कॉलेजचं नाव सांगा, कारण कागद-पेन घेऊन आलेल्या पोरांकडे लोक योजनेवाले म्हणूनच पाहतात. ‘घरकुल मिळेल का?’ असं विचारलं तर स्पष्ट सांगा की आम्ही मंजूर करणारे नाही. खोटी आशा लावली की पुढच्या वर्षीच्या पोरांना तिथे कुणी दार उघडत नाही.

संध्याकाळचा कार्यक्रम

विदर्भातल्या कितीतरी गावांत गुरुदेव सेवा मंडळ असतं आणि संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. स्वयंसेवकांनी तिथे जाऊन बसावं आणि त्यानंतर, साधारण आठला, आपला कार्यक्रम सुरू करावा. तुमचा भोंगा लावून प्रार्थना झाकू नका. मंडळाचे खंजेरीवाले, पेटीवाले पुढे तुमच्याही कार्यक्रमात साथीला येतात. दहाला लाऊडस्पीकर बंद.

व्याख्यान एकच, अर्ध्या तासाचं. दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसापुढे चार पाहुण्यांचे सत्कार करू नका. पथनाट्य बारा ते पंधरा मिनिटांचं, शाळेच्या मैदानाऐवजी पारावर किंवा चौकात, कारण बाया ओट्यावरून पाहतात. बोली गावाचीच वापरा, वऱ्हाडी असो की झाडी. दारूवर करायचं असेल तर पात्राला गावातल्या कुणाचं नाव, धंदा किंवा लकब येणार नाही हे आधी पोलीस पाटलांना विचारून तपासा. यावरून शिबिर बंद पडण्याची वेळ येऊ शकते.

दुखणं-खुपणं

प्राथमिक आरोग्य केंद्राला आधीच पत्र द्या. आरोग्य तपासणीत सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी ठेवायला सांगा, विदर्भात ती फार गरजेची आहे. बोटाच्या रक्तावरची पहिली चाचणी नुसती चाळणी असते, तिच्यात दोष दिसला तर पक्की तपासणी पुढे करावी लागते. निकाल चारचौघांत वाचून दाखवायचा नाही, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलींचा. रक्तदान ठेवलं तर दात्याचं वय १८ पूर्ण, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवं. पहिल्या वर्षाची बरीच पोरं अजून सतराचीच असतात, त्यांनी उत्साहात वय वाढवून सांगू नये.

दगड, गोवऱ्या, सरपण हलवताना आधी काठीने ठोका. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. माणसाला चालू न देता, तो अवयव न हलवता १०८ ला फोन करून सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायचं. सर्पदंशाची लस सगळ्यात जवळ कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. दुसऱ्याच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा आणि ओला हरभरा विचारल्याशिवाय तोडू नका. मागितला तर शेतकरी ओंजळभर देतो.

निघताना

भाजीवाला, गोवऱ्यावाला पक्कं बिल देत नाही, म्हणून त्यांच्या रकमेचं व्हाउचर त्याच दिवशी सहीसकट भरून ठेवा. आठवड्याने सही घ्यायला कुणी सापडत नाही. शाळेचे वर्ग होते तसे लावा, चुलीचे दगड उचला, राख खड्ड्यात टाका, संडास धुऊन किल्ली मुख्याध्यापकांच्या हातात द्या. सर्वेक्षणाचा एक पानी गोषवारा ग्रामपंचायतीला देऊन पोच घ्या, तो ग्रामसभेत मांडता येतो.

पंधरा दिवसांनी चार जणांनी बंधारा पाहून यावा. सोबत वीस रिकाम्या पिशव्या, सुतळी आणि एक फावडं न्या. काठाजवळ पाझर दिसला तर वरच्या अंगाने चिकणमाती दाबा, सांडव्याची वरची पिशवी सरकली असेल तर बदला आणि पाणी किती फूट साचलंय ते काठी बुडवून मोजून वहीत तारखेसह लिहा.